नदीकाठाचा निवाडा कोणी करावयाचा ?

शहराच्या मध्यावर, नदीच्या ऐन काठावर मोक्याची जमीन पडून आहे, तिचे काय करावे, असा प्रश्न निघाला म्हणजे तो इंजिनियरांचा आणि वास्तुशिल्पकारांचा प्रश्न आहे असे समजण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. बाग करावी की बाजार, घाट बांधावा की रस्ता काढावा, कचेऱ्यांचे मनोरे उठवावेत की घरे बांधावीत, यावर वर्तमानपत्रांतून रंगीत चित्रे प्रसिद्ध होतात, तज्ज्ञांची व्याख्याने होतात आणि सुशिक्षित वर्ग त्यावर मोठ्या हौसेने आपले मत देतो. ती जमीन 'पडून आहे' हे विधान मात्र कोणी तपासून पाहत नाही. आपल्या देशातील मोठ्या शहरांचे नदीकाठ पडून नसतात. तेथे माणसे राहत असतात, कपडे धूत असतात, भाजी पिकवीत असतात, बाजार भरवीत असतात. चित्र काढणाऱ्याने ती माणसे वगळलेली असतात, एवढेच.

प्रस्तुत लेखक वकिलीच्या व्यवसायात आहे. वास्तुशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. कोणता घाट शोभिवंत आणि कोणती बाग सोयीची, याविषयी बोलण्याचा अधिकार तो सांगत नाही. परंतु निर्णय कोणी केला, कोणत्या क्रमाने केला आणि कोणाचे म्हणणे ऐकून घेऊन केला, हा प्रश्न निखालस कायद्याचा आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, नदीकाठी राहणाऱ्या माणसांची यादी आराखड्याच्या आधी झाली पाहिजे, आणि आराखडा जेथे ठरतो त्या बैठकीत बसण्याचा त्या माणसांना हक्क असला पाहिजे. घर पाडल्यानंतर मिळणारे दुसरे घर ही भरपाई होय. निर्णयातील वाटा ही तिच्याहून निराळी आणि तिच्याआधी मिळावयाची गोष्ट आहे.

नदीकाठी वस्ती करणाऱ्यांनी ती जागा हौसेने निवडलेली नसते. जेथे पुराचे पाणी चढते, जेथे शहराची गटारे येऊन मिळतात, जेथे स्मशानाचा धूर येतो, तेथे भाडे मागावयास कोणी येत नाही. म्हणून खेड्यातून आलेला मजूर, गिरणीतून काढून टाकलेला कामगार, हातगाडीवाला, धोबी, कागद-काचा वेचणारी बाई ही तेथे आपली झोपडी उभी करतात. गावकुसाबाहेर राहण्याचा अनुभव ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या आहे, त्या आमच्या वाचकांना हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. गावात जी जागा कोणालाच नको होती ती आपल्या वाट्याला आली, आणि शहरातही बहुतेक तसेच घडले. फरक इतकाच की, शहरातील ही नकोशी जागा चाळीस-पन्नास वर्षांनी सर्वांना हवीशी होते. गटारे बंद नळांतून वळविता येतात असे कळून येते, पूर भिंतीने अडविता येईल असे ठरते, आणि ज्या काठाकडे शहराने पाठ फिरविली होती त्याचा भाव पेठेतील जमिनीच्या बरोबरीला येतो. त्या दिवसापासून झोपडीतील माणसाला सरकारी कागदात निराळे नाव मिळते. निवडणुकीच्या यादीत तो मतदार असतो, शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असतो, आणि आराखड्यात तो 'अतिक्रमण' होतो.

हे केवळ तर्काने बोलत नाही. अहमदाबादेतील साबरमतीच्या काठाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. नदीकाठाच्या सुधारणेचा देशातील नमुना म्हणून ते दाखविले जाते, म्हणून त्याचाच विचार करणे योग्य होईल.

साबरमती ही पावसाळा सोडला तर बहुतांशी कोरडी राहणारी नदी. १४११ साली वसलेले जुने शहर तिच्या पूर्व काठावर, आणि नवे शहर पश्चिम काठावर. कोरड्या पात्रात भाजी पिके, धोबी कपडे वाळवीत, सर्कशी उतरत, आणि काठाच्या उतारावर गिरणगावातील व पेठांतील श्रमाची कामे करणारी हजारो कुटुंबे राहत. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, दलित होते. काठ सुधारावा ही कल्पना १९६० नंतरच्या दशकातच बर्नार्ड कोन या वास्तुशिल्पकाराने मांडली होती. परंतु तिला देह मिळाला तो १९९७ साली, अहमदाबाद महानगरपालिकेने त्या कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली तेव्हा. १९९८ साली पहिला आराखडा तयार झाला, २००५ साली प्रत्यक्ष काम सुरू झाले, आणि २०१२ साली काठावरील पदपथ लोकांसाठी खुला झाला.

या योजनेत चांगले काहीच नाही असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा होईल. नदीत थेट पडणारे सांडपाणी वळविण्यासाठी काठाने नळ टाकण्यात आले, काठावर चालण्यासाठी दोन्ही बाजूंस कित्येक किलोमीटरचा मार्ग झाला, आणि त्या मार्गावर कोणत्याही जातीचा व धर्माचा नागरिक जाऊ शकतो. नर्मदेच्या कालव्यातून पाणी आणून पात्र भरलेले ठेवले जाते. ज्या शहराला नदी असूनही दिसत नव्हती त्याला ती दिसू लागली. हे सर्व मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे.

या योजनेने नदीचे पात्र दोन भिंतींमध्ये बांधून त्याची रुंदी सर्वत्र सुमारे २६३ मीटर केली. जेथे पात्र अधिक रुंद होते तेथे भर घालून जमीन तयार करण्यात आली. अशी एकंदर सुमारे २०० हेक्टर, म्हणजे पाचशे एकरांच्या आसपास जमीन निघाली, आणि तिचा काही भाग विकून योजनेचा खर्च भागवावा असा हिशोब धरण्यात आला. येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. नदीचे पात्र हे कोणाच्या खाजगी मालकीचे नसते, ते सार्वजनिक असते. त्या पात्राच्या कडेला दहा हात जागेवर झोपडी बांधणारा मजूर अतिक्रमण करणारा ठरतो, आणि त्याच पात्रात पाचशे एकर भर घालणारी संस्था विकास करणारी ठरते. दोघांतील फरक कोणता ? एकाजवळ ठराव होता, नकाशा होता, मंजुरी होती, आणि दुसऱ्याजवळ यांपैकी काही नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण तो नीतीचा फरक आहे असे कोणी सांगू लागला तर ते मान्य करता येणार नाही. आणि मंजुरीच्या कागदानेच जर सर्व फरक पडत असेल, तर तो कागद तयार होत असताना त्या मजुराला विचारणे किती आवश्यक होते हेच त्यावरून सिद्ध होते.

त्याला विचारले गेले काय ? घटनाक्रम पाहावा. कंपनी १९९७ साली झाली. काम २००५ साली सुरू झाले. त्याच वर्षी रहिवाशांच्या 'साबरमती नागरिक अधिकार मंच' या संघटनेने गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि विचारले की, आम्हांला कोठे नेणार, केव्हा नेणार, आणि कोणाकोणाला नेणार ते सांगा. न्यायालयाने पुनर्वसनाशिवाय घरे हलविण्यास मनाई केली, तेव्हा कोठे पुनर्वसनाच्या धोरणाचा कागद तयार होऊ लागला. तो न्यायालयापुढे आला २००८ साली. म्हणजे भिंतीची जागा, रुंदी आणि उंची हे सर्व आधी ठरले होते, आणि त्या भिंतीखाली येणाऱ्या माणसांचे काय, हा विचार अकरा वर्षांनी, तोही न्यायालयाच्या आदेशामुळे झाला. पुढे दहा हजारांहून अधिक कुटुंबांना केंद्राच्या नागरी गरिबांसाठीच्या योजनेतून बांधलेल्या सदनिका मिळाल्या. हे यश लहान नाही. ते त्या याचिकेचे व ती लढविणाऱ्यांचे यश आहे. परंतु पुष्कळ सदनिका वटवा, ओढव अशा दूरच्या भागांत होत्या. पेठेत धुणीभांडी करणारी बाई, नदीकाठच्या बाजारात जुने कपडे विकणारा माणूस, यांचे काम आणि घर यांच्यामध्ये बसभाड्याची भिंत उभी राहिली. ज्यांची नावे यादीत नव्हती अथवा ज्यांचे पुरावे अपुरे ठरले, अशा अनेक कुटुंबांना शहराच्या दक्षिणेस पिपळज येथे उघड्या माळावर तात्पुरते तुकडे आखून देण्यात आले.

त्याच नदीकाठावरील दुसरी एक हकीकत अधिक बोधप्रद आहे. एलिस पुलाजवळ दर रविवारी गुजरी बाजार भरत असे. हा बाजार पंधराव्या शतकापासून, अहमदशहाच्या काळापासून चालत आला आहे अशी परंपरा सांगतात. जुन्या वस्तू, पुस्तके, अवजारे, भांडी विकणारे गरीब लोक तेथे बसत. नव्या आराखड्यात त्यांचा ठावठिकाणा सुरक्षित नव्हता. परंतु त्यांची स्वतःची संघटना होती, महानगरपालिकेला जागेचे भाडे भरल्याच्या पावत्या होत्या, आणि न्यायालयात जाण्याची तयारी होती. शिक्षणसंस्थांतील काही जाणकारांनी त्यांच्या बाजूने पर्यायी नकाशाही काढून दिला. अखेर २०१४ साली तो बाजार नदीकाठावरच नव्या जागी बसविण्यात आला. त्यांचे सर्व म्हणणे मान्य झाले असे नाही. पण संघटना, पावती आणि स्वतःचा नकाशा या तीन गोष्टी हाती असल्यामुळे ते काठावरून पुसले गेले नाहीत.

आता आपला कायदा काय सांगतो ते पाहू. मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी दिलेला निर्णय ओल्गा टेलिस खटला या नावाने प्रसिद्ध आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निर्णयात असे ठरले की, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, आणि घर हलविण्यापूर्वी सामान्यतः नोटीस देऊन माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. त्याच निर्णयाने पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही, हेही आपण विसरू नये. पुढे अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध नवाबखान या १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दुर्बलांना निवारा मिळण्याची व्यवस्था करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे सांगितले, आणि काढून टाकण्यापूर्वी पुरेशी नोटीस हवी याचा पुनरुच्चार केला.

हे दोन्ही निर्णय आपल्या हातातील ढाल आहेत. परंतु ढालीचा उपयोग वार आल्यावर होतो. हा कायदा माणसाला बुलडोझर येण्यापूर्वी बोलू देतो. आराखडा निघण्यापूर्वी त्याला बोलता येईल, अशी खात्रीची तरतूद त्यात नाही. नोटीस हाती पडते तेव्हा भिंत कोठे बांधावयाची हे ठरलेले असते, ठेके दिलेले असतात, कर्ज काढलेले असते. त्या वेळी न्यायाधीश फार तर एवढेच विचारू शकतात की, या माणसांना दुसरीकडे घर देता काय ? घरे येथेच ठेवून बाग थोडी आखूड करता आली असती काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

कोणी म्हणेल की, हे सर्व बोलावयास ठीक आहे, परंतु शहराच्या मध्यावरील सोन्याच्या मोलाच्या जमिनीवर गरिबांची घरे ठेवणे हे व्यवहारात कोठे घडले आहे ? त्याचे उत्तर लंडनमध्ये आहे. बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले ती संस्था थेम्स नदीच्या उत्तर काठापासून चालण्याच्या अंतरावर आहे. तेथून वॉटर्लू पूल ओलांडून दक्षिण काठावर गेले, आणि नदीच्या कडेने डाव्या हातास थोडे चालले की, कॉईन स्ट्रीट नावाचा सुमारे तेरा एकरांचा भाग लागतो. एके काळी हा गोदामांचा, धक्क्यांचा आणि मजुरांच्या घरांचा भाग होता. महायुद्धातील बॉम्ब, बंद पडलेले धंदे आणि वाढत गेलेल्या कचेऱ्या यांमुळे तेथील लोकवस्ती विसाव्या शतकात सतत घटत गेली. १९७४ साली तेथे युरोपातील सर्वांत उंच हॉटेल आणि दहा लाख चौरस फुटांहून अधिक कचेऱ्या बांधण्याच्या योजना पुढे आल्या.

उरलेल्या रहिवाशांनी केवळ निषेध केला असता तर तो निषेध वर्तमानपत्रात छापून येऊन विसरला गेला असता. त्यांनी तसे केले नाही. १९७७ साली त्यांनी कृतिसमिती स्थापन केली आणि स्वतःचा आराखडा तयार केला. त्यात परवडणाऱ्या भाड्याची घरे होती, बाग होती, नदीकाठचा सर्वांसाठी खुला रस्ता होता, दुकाने होती. त्या देशाच्या नियोजनाच्या कायद्यात सार्वजनिक चौकशीची पद्धत आहे. १९७९ नंतर अशा दोन दीर्घ चौकश्या झाल्या. कंपनीचे तज्ज्ञ आणि रहिवाशांचे प्रतिनिधी एकाच अधिकाऱ्यापुढे आपापला आराखडा घेऊन उभे राहिले, आणि एकमेकांच्या साक्षीदारांची उलटतपासणी झाली. अखेरीस सरकारने दोन्ही आराखड्यांना परवानगी दिली. वकील या नात्याने आम्हांस या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. कोट्यवधींची कंपनी आणि भाड्याच्या घरांत राहणारे लोक हे निर्णयाच्या जागी एकाच पायरीवर उभे राहिले.

यानंतर राजकीय बाजू उपयोगी पडली. तेव्हाची ग्रेटर लंडन कौन्सिल रहिवाशांच्या बाजूची होती. १९८४ साली कंपनीने आपला हिस्सा कौन्सिलला विकला. कौन्सिलने त्या जमिनीच्या वापरावर बंधने घातली, ती घरे, बाग व सार्वजनिक उपयोग यांसाठीच वापरावी असे ठरविले, आणि मग ती दहा लाख पौंडांस रहिवाशांनी स्थापन केलेल्या बिनफायद्याच्या संस्थेला विकली. बंधनामुळे जमिनीची किंमत उतरली, हे यातील मर्म आहे. जमिनीची किंमत आकाशातून पडत नाही. तिच्यावर काय बांधू देणार यावर ती ठरते, आणि काय बांधू देणार हे सरकार ठरविते. म्हणून 'जमीन महाग आहे, गरिबांना परवडणार नाही' असे सरकारच सांगू लागते, तेव्हा ते स्वतःच्याच निर्णयाचा परिणाम निसर्गनियम म्हणून सांगत असते. ती कौन्सिल १९८६ साली बरखास्त झाली. दोन वर्षांचा विलंब झाला असता तर ती संधी हुकली असती.

त्या संस्थेने सुरुवातीला मोकळ्या जागेत मोटारी उभ्या करू देऊन त्या भाड्यातून पैसा उभा केला. १९८८ साली ५६ घरांची पहिली सहकारी वसाहत उभी राहिली. पुढे २००१ पर्यंत आणखी तीन झाल्या, त्यांतील एक ऑक्सो टॉवर या जुन्या गोदामाच्या इमारतीत आहे. चारही मिळून सुमारे २२० घरे. मोठ्या शहराच्या मानाने हा आकडा लहान आहे, आणि त्यासाठी लोकांना दहा वर्षे झगडावे लागले, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि थेम्सच्या ऐन काठावर साधी नोकरी करणारी कुटुंबे आज सहकारी संस्थेचे सभासद म्हणून राहतात, आणि त्यांच्या घरांपुढून जाणारा नदीकाठचा रस्ता सर्व शहराला खुला आहे. बाग आणि गरिबाचे घर यांत एकच काहीतरी निवडावे लागते हा समज तेथे खोटा ठरला.

आपल्या देशातही असे तत्त्व कायद्यात मुळीच नाही असे समजू नये. पथविक्रेत्यांसाठी संसदेने २०१४ साली केलेल्या अधिनियमात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. तीत विक्रेत्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी ४० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नयेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला बाजाराच्या जागेविषयी समितीत बसून मत देण्याचा हक्क जर कायदा देऊ शकतो, तर नदीकाठी चाळीस वर्षे राहिलेल्या बाईला त्या काठाच्या आराखड्यात तसाच हक्क का देऊ नये ? या प्रश्नाचे समर्पक उत्तर आजपर्यंत आमच्या ऐकिवात नाही.

हा प्रश्न आमच्या वाचकांना दूरच्या शहरांचा वाटण्याचे कारण नाही. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठाच्या सुधारणेची योजना महानगरपालिकेने हाती घेतली. तिचा आराखडा साबरमतीचा आराखडा करणाऱ्या अहमदाबादच्या वास्तुशिल्पसंस्थेनेच तयार केला, आणि ६ मार्च २०२२ रोजी तिची पायाभरणी झाली. ताडीवाला रस्ता, पाटील इस्टेट अशा नदीलगतच्या वस्त्यांत आपल्या समाजाची अनेक कुटुंबे राहतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीने पुणे शहराला आपली ताकद दाखविली. २५ जुलै २०२४ रोजीही नदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूर येतो तेव्हा पाणी प्रथम ज्यांच्या घरात शिरते, त्यांना पात्राची रुंदी कमी करावी की नाही याविषयी काही सांगावयाचे असणारच. ते सांगण्याची त्यांना संधी हवी आणि ऐकणाऱ्यावर त्याची नोंद घेण्याचे बंधन हवे.

येथे आपल्या स्वतःच्या इतिहासातील एक गोष्ट आठवणे अवश्य आहे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसे तळ्यावर गेली, मग विरोधकांनी दावा लावला, आणि तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढी आहे, असा त्यांचा पक्ष होता. तळे नगरपालिकेचे आहे असे ठरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या रूढीचा दावाही फेटाळला. त्या खटल्याने आपल्याला जे शिकविले ते नदीकाठालाही लागू आहे. नगरपालिकेची जागा ही अधिकाऱ्यांची मालमत्ता नसते. ती सर्व नागरिकांची असते, आणि 'सर्व' या शब्दात आपण येतो हे सिद्ध करण्याचा भार मात्र आपल्यालाच उचलावा लागतो.

हा भार उचलावयाचा तर काय करावे, ते आता व्यवहाराच्या भाषेत सांगतो. आमच्या व्यवसायात एका विधवा बाईचे प्रकरण आले होते. तिच्या शेजारची दोन घरे पुराव्याअभावी अपात्र ठरली, तिचे ठरले नाही. तिला अक्षरओळख नव्हती. पण नवऱ्याच्या हयातीपासूनची प्रत्येक पावती, रेशनकार्डाचे प्रत्येक जुने पान, मुलाच्या शाळेचा दाखला, वीजबिले हे सर्व तिने पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. पुरात भांडी गेली, पेटी तिने डोक्यावर घेऊन बाहेर काढली. त्या पेटीवर तिला घर मिळाले. महाराष्ट्रात १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्या झोपडीधारकाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांना रक्कम भरून पुनर्वसनास पात्र ठरविण्याची तरतूद आहे. तेव्हा त्या तारखांच्या आधीचा कागद हा घराच्या भिंतीइतकाच महत्त्वाचा आहे. फोटोपास, शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, वीजबिल, दंडाची पावती सुद्धा, काहीही टाकून देऊ नका. कागदांवर घरातील स्त्रीचे नाव घाला. कोऱ्या संमतिपत्रावर अंगठा किंवा सही कोणी कितीही आपला म्हणून सांगत आला तरी करू नका.

दुसरे असे की, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे ठरलेल्या मुदतीत कोणालाही हरकती व सूचना देता येतात, आणि कलम २८ प्रमाणे त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ही संधी क्वचित येते, आणि आपल्या वस्त्यांतून तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी आराखड्याचा नकाशा पाहून यावा, आपल्या वस्तीवर कोणता रंग व कोणते आरक्षण आहे ते वहीत उतरवून घ्यावे, आणि हरकत लेखी देऊन तिच्यावर पोचेचा शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेले साहेबांच्या लक्षात राहील या भरवशावर राहू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वस्तीची यादी वस्तीनेच आधी करावी. घरे किती, माणसे किती, कोण कोठे कामाला जाते, मुले कोणत्या शाळेत जातात, पुराचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर चढले, हे सर्व लिहून काढावे, आणि त्यावर गावातील एखाद्या जाणत्या वास्तुशिल्पकाराकडून आपला नकाशा काढून घ्यावा. काही घरे पुराच्या रेषेतून उठवावीच लागतील असे त्यात निघाले, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करावे. मुले वाहून जातील अशा जागी राहण्याचा हट्ट हा हक्क नव्हे. पण ती घरे त्याच भागात दोन गल्ल्या पलीकडे कशी बसतील, हेही त्याच नकाशात दाखवावे. अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्याला सहानुभूती मिळते, आणि नकाशा घेऊन जाणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. गुजरीच्या विक्रेत्यांनी आणि कॉईन स्ट्रीटच्या रहिवाशांनी हेच केले.

आमची महानगरपालिकांकडे मागणी एवढीच आहे की, नदीकाठाचा कोणताही आराखडा मंजुरीस ठेवण्यापूर्वी त्यासोबत काठावरील प्रत्येक कुटुंबाची प्रसिद्ध केलेली यादी असावी, त्या कुटुंबांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना समितीत जागा असावी, आणि त्यांनी पर्यायी आराखडा दिल्यास तो नाकारण्याची कारणे लेखी द्यावीत. यात खर्च वाढत नाही, बाग लहान होतेच असे नाही, आणि सुधारणेची घाई असणाऱ्यांचाही वेळ वाचतो, कारण साबरमतीच्या काठावर जी वर्षे न्यायालयात गेली ती आधी विचारले असते तर वाचली असती. ही मागणी वरून कोणी मान्य करील म्हणून वाट पाहत बसू नये. येत्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर वस्तीतील पाच जणांनी वही घेऊन पहिल्या घरापासून यादीला सुरुवात करावी, अशी सर्व बंधुभगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे.